कॅनडा, स्वीडन आणि मुन्शीजी

मुन्शीजींना दोन गोष्टी दाखवून ‘यातली चांगली कोणती?’ असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते टाक कानावर अडकवायचे, दोन्ही हात उताणे करून छातीसमोर एका पातळीत धरायचे, आधी या हाताकडे, मग त्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, “आपापल्या जागी दोन्ही बराबर.”

झालं. संपला निकाल. तुम्ही कितीही खोदून विचारा, त्या दोन हातांपैकी एकही तसूभर खाली यायचा नाही. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि त्याला देवमाणूस वगैरे म्हणाला असाल. पण तुमच्यावर त्याला मॅट्रिकचा भूगोल शिकवायची वेळ आली नसणार. माझ्यावर आली होती. तेव्हा मला विचारा.

जालन्यात आमच्या हायस्कुलात ते कारकून होते. मी भोकरदनहून येऊन तिथं भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. मी पंचविशीच्या आत, डोकं सदा तापलेलं. ते चाळिशीच्या पुढचे, आवाज कधी चढलेला नाही. त्यांचं खरं नाव सांगत नाही. तसंही ते हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. निजामाच्या राज्यात सगळं दफ्तर उर्दूत चालायचं आणि यांचं उर्दू अक्षर असं, की अर्ज लिहून घ्यायला लोक मंठ्याकडून गाडी जुंपून यायचे. त्यामुळे घराणं कुणब्याचं असूनही ते मुन्शीजी झाले.

त्यांच्या ‘बराबर’चा प्रसाद आमच्या शाळेला रोजच मिळायचा. एकदा नवे बाक करून घ्यायचे होते. दोन सुतारांनी नमुने आणून ठेवले. हेडमास्तरांनी मुन्शीजींना विचारलं, कुणाला काम द्यायचं? वर आले दोन्ही हात! शेवटी निम्मे बाक एकाकडून, निम्मे दुसऱ्याकडून. एकाचे बाक दुसऱ्यापेक्षा चार बोटं उंच निघाले. माझ्या वर्गात खिडकीकडची पोरं कायम भिंतीकडच्या पोरांच्या डोक्यावरून बघायची, आणि दर आठवड्याला जागेवरून एक तरी मारामारी ठरलेली. मी तणतणत ऑफिसात गेलो, की मुन्शीजी शांतपणे विचारायचे, “पन दोन्ही सुतारांची चूल पेटली का न्हाई, मास्तर?” यावर काय बोलणार, कपाळ?

हुतूतूच्या सामन्याला त्यांना पंच केलं होतं. एकदाच. सामना कुणीच जिंकला नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

निजामाचं राज्य गेलं. शाळेचा पत्रव्यवहार हळूहळू मराठीत आला आणि मुन्शीजींचे हाल सुरू झाले. देवनागरी त्यांनी चाळिशीत गिरवली होती. अक्षर काढलं तर मोत्यासारखं, पण एक पत्र लिहायला अर्धी सकाळ जायची. म्हणून कमिटीनं एक तात्पुरता कारकून घेतला. टेंभुर्णीचा पोरगा, मराठीतून मॅट्रिक झालेला, हात सपासप चालायचा. अक्षर मात्र कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. कमिटीनं मुन्शीजींना सांगितलं, नव्या सालापासून कारकुनाची जागा एकच राहणार आहे. तुम्हाला ती हवी असेल तर यंदा मराठीतून मॅट्रिक व्हा.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजींच्या पत्नी माझ्या खोलीवर आल्या. पदराखाली झाकून भाकरी आणि ठेचा आणला होता. मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “मास्तर, काई बी करा, पन ह्यांला पास करा. पोरगी तुमच्या साळंत सहावीला हाय. गावाकडं चौथीच्या पुढं साळा न्हाई. नोकरी गेली तर पोरीची साळा सुटली म्हनून समजा.”

पोरगी हुशार होती, मी तिला शिकवत होतो. मी छाती ठोकून सांगितलं, “वहिनी, भूगोल माझ्याकडे लागला. काळजी सोडा.” त्या वयात छाती फार लवकर ठोकली जाते.

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली. शाळा सुटली की पाठीमागच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. नद्या, पर्वत, वारे हे सगळं मुन्शीजींनी चटचट पाठ केलं. उर्दू शिकलेल्या माणसाचं पाठांतर पक्कं असतं. पण भूगोलाच्या पेपरात एक मोठा प्रश्न तक्त्याचा असायचा. दोन देशांचे, पाच-सहा सालांचे आकडे द्यायचे आणि विचारायचं, तुलना करा. त्याला मार्क असे भरघोस, की तो सोडला तर पास होणं कठीण. आमच्या पुस्तकात नमुन्यादाखल जो तक्ता होता तो मऊ लाकडाच्या निर्यातीचा. एकीकडे कॅनडा, एकीकडे स्वीडन.

“मऊ लाकूड म्हंजी?” मुन्शीजींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“पाइन, स्प्रूस, असल्या थंड मुलखातल्या झाडांचं. पान सुईसारखं असतं.” मीही ती झाडं चित्रातच पाहिली होती.

“सागवान न्हाई?”

“नाही.”

“मंग कशाला घेतेत लोक?”

मी दुसऱ्या दिवशी एका जिनिंगच्या कारखान्यातून खोक्याची फळी मागून आणली. विलायतेहून यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याची. मुन्शीजींनी तिच्यात नख रुतवलं, वास घेतला, गुडघ्यावर ठेवून वाकवून पाहिली. “हे काय लाकूड हाय?” ते म्हणाले, “ह्याचं पेरायच्या तिफणीचं दांडकं केलं तर पहिल्या तासाला मोडंल.” मी सांगितलं की याचे कागद होतात, आगपेटीच्या काड्या होतात, तिकडे घरंसुद्धा याचीच बांधतात. तेव्हा त्यांना त्या दोन्ही देशांविषयी फार वाईट वाटलं. मी म्हणालो, वाईट वाटू देऊ नका, तुलना करा.

तीन दिवसांनी त्यांनी उत्तर लिहून आणलं. दोन पानं. अक्षर असं, की फ्रेम करून भिंतीवर लावावं. आणि मजकूर? ऐका. ‘कॅनडा देशाने आपल्या ऐपतीप्रमाणे लाकूड पाठविले. स्वीडन देशानेही आपल्या ऐपतीप्रमाणे पाठविले. मध्यंतरी महायुद्ध झाल्याने स्वीडनचा माल बंदरात अडकून राहिला. यात स्वीडनचा काही कसूर दिसत नाही. सबब त्यास कमी म्हणणे बरे दिसत नाही. दोन्ही देश आपापल्या जागी बराबर आहेत.’

मी ते दोनदा वाचलं. मग वही मिटली. मग पुन्हा उघडून वाचलं, कारण माझा विश्वास बसेना.

“मुन्शीजी, ही तुलना आहे?”

“हाय की.”

“यात जास्त कोण, कमी कोण ते कुठं आहे?”

“आकड्यात दिसूनच राह्यलं ना ते. पुन्यांदा तोंडानं कशाला बोलायचं?”

“परीक्षेत बोलायचं असतं! मार्क त्याचेच असतात!”

“धाकल्या भावाला औंदा कमी पिकलं, तर त्याला भरल्या ताटावर तसं बोलतेत का, मास्तर?”

डोक्याला हात लावून बसलो. हा काही एका दिवसाचा प्रकार नव्हता. पौष गेला, माघ आला. मी म्हणावं, लिहा: कॅनडाची निर्यात स्वीडनपेक्षा वाढली. ते मान डोलवायचे, लिहायला घ्यायचे, आणि ‘पेक्षा’ या शब्दाशी टाक अडायचा. शाई वाळायची. मग ते हळूच लिहायचे, ‘कॅनडाची वाढली. स्वीडनचीही पुढे सावरली.’ मी ओरडायचो. व्हरांड्यातल्या चिमण्या उडायच्या. ते मात्र पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवायचे.

एक दिवस माझा बांध फुटला. मी वही आपटली आणि म्हणालो, “तुम्हाला कमी-जास्त म्हणायला जीभ वळत का नाही? कुणी शाप दिलाय का?”

ते हसले. म्हणाले, “शाप कशाचा? बाप आमचा गावचा पंच व्हता. मला बाजूला बसवून शिकवायचा. म्हनायचा, भांडनारे दोघं बी आज तुझ्या म्होरं येतेत, पन उद्या सकाळी त्यांला एकाच आडावर पानी शेंदायचं असतं. तू एकाला वर केलं, की दुसऱ्याची घागर फुटली. म्हनून कुनाला खाली बसवायचं न्हाई.”

“अहो मुन्शीजी!” मी जवळजवळ रडकुंडीला आलो. “कॅनडा आणि स्वीडन एका आडावर पाणी भरत नाहीत! मधे समुद्र आहे, समुद्र! तुम्ही जालन्याच्या व्हरांड्यात बसून कॅनडाला मोठं म्हणालात तर स्वीडनमधलं कुणी तुमच्याशी बोलायचं बंद करणार नाही!”

त्यांनी यावर बराच विचार केला. “बराबर हाय तुमचं,” म्हणाले. पण तो ‘बराबर’ही मला आता संशयास्पद वाटू लागला होता.

त्या दिवशी मी शेवटचा उपाय केला. त्यांना समजेल असं सांगितलं. म्हणालो, “हे बघा, तुम्हाला स्वीडनवर अन्याय नको ना? मग नुसतं कमी म्हणू नका, का कमी ते लिहा. आकडा खाली गेला तर त्याचं कारण लिहायचं. युद्धाची सालं वेगळी धरायची, चांगली सालं वेगळी. आणि असं सगळं बघून झाल्यावर, शेवटी, छातीवर हात ठेवून सांगायचं, सरस कोण. कारण लिहिलं म्हणजे कुणाची घागर फुटत नाही. कारण सोडलं तर तुलना खोटी, आणि निकाल सोडला तर तुलना अर्धी.”

हे माझं मलाच फार आवडलं. मुन्शीजींनी ते वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत टिपून घेतलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझं काही उर्दूत टिपलं असेल तर तेवढंच.

मार्चमध्ये परीक्षा झाली. भूगोलाच्या पेपराला मी केंद्राबाहेर लिंबाखाली उभा होतो. पोरांच्या घोळक्यातून धोतर सावरत मुन्शीजी बाहेर आले. पोरं त्यांना वाट करून देत होती, बहुतेकांना वाटलं असावं, कुणाचे तरी वडील आहेत.

“तक्ता आला का?” मी विचारलं.

“आला की. लाकूडच आलं.”

मी आनंदानं उडीच मारली. “मग? काय लिहिलंत?”

“दोघांचं बी लिव्हलं.”

एवढंच म्हणाले. संपलं! सगळं पाण्यात! माझा इतका संताप झाला की पुढे एक अक्षर विचारलं नाही, सरळ खोलीवर निघून आलो, दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही आणि पुढेही पेपराचा विषय काढला नाही. विचारायला हवं होतं. आणखी एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडणार होतं?

निकाल जूनमध्ये लागायचा आणि कमिटीची बैठक मेमध्ये. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, “मुन्शीजी पास होतील का हो?”

“मला नाही वाटत,” मी म्हणालो. राग अजून उतरला नव्हता.

“हं,” ते म्हणाले. “मग निकालाची वाट बघण्यात अर्थ नाही. असं करा, तुम्ही तक्ते चांगले करता. दोन्ही कारकुनांच्या गेल्या सहा महिन्यांच्या कामाचा एक तुलनात्मक अहवाल द्या मला. महिन्यागणिक कुणी किती पत्रं लिहिली, त्यातली अक्षर लागत नाही म्हणून किती परत आली. बरोबरीला आले तरी मुन्शीजींना ठेवता येईल. जुना माणूस आहे, कमिटी नाही म्हणायची नाही. पण कागदावर काहीतरी दिसायला हवं.”

बरोबरीला आले तरी! मी जावक रजिस्टर घेऊन दोन दिवस बसलो. मुन्शीजींचा आकडा खालून हळूहळू वर येत होता. पोराचा आकडा पहिल्यापासून वर होता, पण फेब्रुवारीत एकदम खाली बसला होता, आणि त्याच महिन्यात मुन्शीजींचा असा चढला होता की दोघे अगदी गळ्याला गळा लावून उभे. का, ते मला ठाऊक होतं. पोराची आई अंथरुणाला खिळली होती आणि तो वीस दिवस टेंभुर्णीला होता. ते मी लिहिलं नाही. सहा महिन्यांची बेरीज मांडली, परत आलेली पत्रं वजा केली, त्यात पोराच्या कोंबडीच्या अक्षरानं मला चांगली मदत केली, आणि खाली लिहिलं, ‘एकंदरीत दोघांचे काम समान आहे.’ चार महिने ज्या वाक्यासाठी मी त्या माणसाला झापलं, तेच वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. वहिनींची भाकरी खाल्ली होती मी.

कच्चा अहवाल हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून मी घरी गेलो. आता आमच्या शाळेची रीत ऐका. कमिटीपुढे जाणारा कोणताही कागद असला की त्याची पक्की नक्कल मुन्शीजींनी करायची, कारण अक्षर त्यांचं. हेडमास्तरांनी सवयीनं तो कागद उचलला, न बघता मुन्शीजींच्या ट्रेमध्ये टाकला आणि सांगितलं, “उद्या दहापर्यंत.” ज्याचा न्याय व्हायचा त्यालाच निकालाची नक्कल करायला दिली! असा वेडेपणा आमच्याच शाळेत होऊ शकत होता.

सकाळी मी ऑफिसात शिरलो तर मुन्शीजी एकटेच. पुढे माझा अहवाल, शेजारी कोरा करकरीत कागद, अर्धा लिहून झालेला. त्यांनी वर पाहिलं.

“बरं झालं आलात, मास्तर. ह्याच्यात एक गोष्ट ऱ्हायली.”

“काही राहिलेलं नाही,” मी म्हणालो आणि दार लोटून घेतलं. “जसं आहे तसं उतरवा.”

“फेब्रुवारीत पोरगं वीस दिवस रजेवर व्हतं. त्याची माय बिमार व्हती. त्याच्या वाटची पत्रं म्या लिव्हली त्या महिन्यात. ती माझ्या नावावर चढली.”

“मला माहीत आहे.”

“मालूम हाय? मंग लिव्हलं कामून न्हाई?”

“मुन्शीजी,” मी आवाज खाली आणला, “बरोबरीला आलात तरी तुम्हाला ठेवणार आहेत. हेडमास्तर स्वतः म्हणालेत. हे एक वाक्य तसंच राहू द्या. पाया पडतो तुमच्या.”

त्यांनी टाक दौतीत बुडवला, पुन्हा काढला. मग म्हणाले, “तुमीच सांगितलं ना, आकडा खाली गेला तर कारन लिव्हायचं? कारन सोडलं तर तुलना खोटी. म्या पेपरात बी तसंच लिव्हून आलो. स्वीडनचं युद्धाचं कारन लिव्हलं, आन् शेवटी कॅनडा सरस म्हनून बी लिव्हलं.”

“काय?” मी किंचाळलोच. “मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. दोघांचं बी लिव्हलं म्हनलो.”

तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करावं? हसावं, रडावं, की दौत उचलून त्याच्या डोक्यात घालावी? मी सरळ त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसलो.

“अहो, जन्मभर सगळ्यांना बराबर म्हणालात. सुतारांना म्हणालात, हुतूतूवाल्यांना म्हणालात, कॅनडा-स्वीडनला म्हणालात. आज एकदा, एकदाच, स्वतःसाठी म्हणा की हो! पोरीकडे बघा. वहिनींकडे बघा.”

पोरीचं नाव निघालं तशी त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, “दुसऱ्यांला बराबर म्हनायचं ते त्यांचं नुकसान होऊ नये म्हनून. हितं बराबर म्हनलं तर पोराचं नुकसान होऊन राह्यलं. अन् ते त्याला मालूम बी न्हाई. न्हाई मास्तर, माझ्या हातानं न्हाई लिव्हनार हे.”

आणि त्यांनी लिहिलं. फेब्रुवारीची रजा लिहिली, पोराच्या वाटची पत्रं आपल्यातून काढून त्याच्याकडे मांडली, आणि शेवटी, त्या मोत्यासारख्या अक्षरात, ‘सबब या दोघांत तात्पुरता कारकून सरस आहे.’ शाई सुकावी म्हणून कागदावर रेती टाकली, झटकली आणि माझ्यापुढे सहीला ठेवला.

मी सही केली. नाही करत म्हणून कागद फाडता आला असता. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते समोर बसलेले होते. त्या सहीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो त्यांच्यावर आहे की माझ्यावर, हेही मला नीटसं सांगता येत नाही.

सही करून मी तडक हेडमास्तरांकडे धावलो. “मुन्शीजी पास होण्याचा संभव आहे, निकालापर्यंत थांबा,” म्हणालो.

“परवाच तर तुम्ही ‘मला नाही वाटत’ म्हणालात,” ते म्हणाले. “आणि आता अहवालही तुमचाच आहे. मास्तर, तुमचं एक काय ते ठरवा.”

कमिटीनं टेंभुर्णीच्या पोराला कायम केलं. मुन्शीजींनी त्याला सगळी रजिस्टरं समजावून दिली, किल्ल्या दिल्या, कोणत्या कपाटाला लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही तेही दाखवलं. मग एका बैलगाडीत सामान भरून घरच्यांसह मंठ्याच्या पलीकडच्या आपल्या गावी निघून गेले. मी निरोप द्यायला गेलो नाही. माझं डोकं दुखत होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. स्टेशनवर वर्तमानपत्र आलं तसं मी तिथंच उभ्यानं उघडलं. त्यांचा नंबर मला पाठ होता. नंबर होता! मी तो तीनदा वाचला, शेजारच्या अनोळखी माणसालाही वाचायला लावला. आणि मग एकदम लक्षात आलं, हे आता सांगायचं कुणाला?

तरीही गेलो. मंठ्यापर्यंत मोटार, पुढे पायी. मुन्शीजी ओट्यावर बसून दोरखंड वळत होते. मला बघून धडपडत उठले. मी काही न बोलता वर्तमानपत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, बोटानं ओळी चाचपत नंबर शोधला आणि त्यावर बोट तसंच ठेवून उभे राहिले. डोळे भरून आले होते. “पास म्हना की,” ते पुटपुटले. “या वयात.” मग मला हाताला धरून आत नेलं आणि हाक मारली, “अगं, मास्तर आलेत बघ, पास झालो म्हनं मी!”

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या पाठीमागून पोरगी आली. वहिनींनी आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून कुठल्याशा देवाचं नाव घेतलं.

“म्या म्हनलंच व्हतं,” त्या मला म्हणाल्या, “मास्तर हायेत तर काळजी न्हाई. हे म्हनले, मॅट्रिक न्हाई म्हनून नोकरी गेली. आता झाले की मॅट्रिक!”

मी मुन्शीजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात त्यांनी अहवालाचं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त नजरेनं ते मला काहीतरी विनवत होते, आणि मी, ज्याची जीभ चार महिने थांबली नव्हती, तो गप्प राहिलो.

“मंग साळा कधी उघडती, मास्तर?” वहिनींनी विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता त्या पोरीकडे वळल्या. “उभी काय ऱ्हायलीस? माळ्यावरची पेटी काढ खाली. तुझी पुस्तकं हायेत तिच्यात.”

पोरगी पळतच शिडीवर चढली.